अंगावरचं लेकीला, मग शिवार कुणाला?

गावातली एखादी म्हातारी वारली की दिवसकार्य उरकल्यावर तिची पेटी उघडली जाते. पेटीत असते ते काय? एखादी बोरमाळ, जोडव्यांचा जोड, दोन-चार ठेवणीतली लुगडी, देवाच्या नावाने फडक्यात बांधलेले पैसे. लेकी-सुना भोवती बसतात. "आई म्हणायची, बोरमाळ धाकटीला द्या," असे कोणीतरी सांगते आणि बहुतेक घरांत तो शब्द पाळला जातो. ना कागद, ना साक्षीदार, तरी पाळला जातो. पण याच बाईने पन्नास वर्षे ज्या रानात खुरपले, त्या रानाचे पुढे काय करायचे हे तिला कोणी विचारलेले नसते आणि तिनेही सांगून ठेवलेले नसते.

शेतकरी बंधू-भगिनींनो, ही रीत एकदम आलेली नाही. तिला हजार वर्षांचा इतिहास आहे. लग्न झालेल्या बाईने आपल्या माघारी काय द्यावे, कोणाला द्यावे, कशाला हात लावू नये, याचे नियम आपल्या मुलखात ठरलेले होते. ते नियम एकदा नीट पाहिले की आजच्या सातबाऱ्यावर बाईचे नाव का दिसत नाही, याचा उलगडा होतो.

स्त्रीधन म्हणजे काय होते?

महाराष्ट्रात वारसाच्या बाबतीत शेकडो वर्षे 'मिताक्षरा' हा ग्रंथ प्रमाण मानला गेला. कल्याणीचा चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य याच्या काळात, इसवी सन ११०० च्या आसपास, विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्य स्मृतीवर ही टीका लिहिली. ही कल्याणी म्हणजे आजचे बिदर जिल्ह्यातले बसवकल्याण. पुढे सतराव्या शतकात नीलकंठभट्टाने 'व्यवहारमयूख' लिहिला. याचे घराणे मूळचे आपल्या पैठणचे, पुढे काशीला जाऊन राहिलेले. इंग्रजी अमलात मुंबई इलाख्यातली न्यायालये या दोन ग्रंथांवरूनच निवाडे देत.

या शास्त्रात स्त्रीधनाची यादी आहे. आईबापांनी दिलेले, भावाने दिलेले, नवऱ्याने दिलेले, लग्नात अग्नीसमोर मिळालेले, नवऱ्याने दुसरी बायको केली तर पहिलीला भरपाई म्हणून दिलेले, असे सगळे त्यात येते. आपल्या भाषेत सांगायचे तर अंगावरचे डाग, आंदण आलेली भांडी, आंदणाची गाय आणि तिची पैदास. माहेरच्या वा सासरच्या माणसांनी मायेपोटी दिलेल्या वस्तूंना 'सौदायिक' म्हणत. त्यांवर बाईची पूर्ण सत्ता. ती विकावी, दान द्यावी, लेकीला द्यावी. बाप, भाऊ, नवरा, मुलगा यांपैकी कोणी आडवे येऊ नये, असे कात्यायनासारख्या स्मृतिकाराने स्पष्ट सांगून ठेवले आहे.

आता तुलनेसाठी विलायतेत काय होते ते पाहा. तिथे लग्न होताच बाईची चीजवस्तू नवऱ्याची होई, आणि नवऱ्याच्या संमतीशिवाय तिला मृत्युपत्र करता येत नसे. ही अडचण १८८२ च्या कायद्याने दूर झाली. आपल्याकडे बाईची स्वतःची मिळकत मानण्याची रीत त्याच्या कितीतरी आधीपासून होती. याचा अभिमान जरूर धरावा. मात्र पुढचा भागही वाचावा.

आईचे ते आधी लेकीला

स्त्रीधनाचा वारसा कसा जाई? मिताक्षरेने क्रम लावून दिला आहे. आधी बिनलग्नाची लेक. ती नसेल तर लग्न झालेली पण परिस्थितीने गरीब असलेली लेक. मग चांगल्या घरी पडलेली लेक. तिच्यानंतर लेकीची लेक, मग लेकीचा लेक, आणि त्यानंतर मुलाचा नंबर. ज्या लेकीला गरज जास्त तिला आधी, असा हा हिशेब आहे. त्या काळाच्या मानाने तो शहाणपणाचा म्हटला पाहिजे. पेटीतली बोरमाळ धाकटीला जाते ती याच रीतीने.

नीलकंठभट्टाने मात्र इथे एक भेद केला. यादीत बसणारे जे खास स्त्रीधन, ते लेकीला. बाईला अन्य मार्गाने मिळालेली मिळकत, उदाहरणार्थ वारसाने आलेली, ती आधी मुलांकडे. म्हणजे दागिना लेकीच्या वाटेने गेला आणि मोठी मिळकत मुलाच्या वाटेला लागली.

मृत्युपत्र हा प्रकार आपल्या जुन्या शास्त्रात नव्हता. बाईला द्यायचे असेल ते तिने जिवंतपणी आपल्या हाताने द्यायचे. नाहीतर शास्त्राने ठरवलेल्या क्रमाने ते जायचे. "माझ्या माघारी अमक्याला" हे तोंडी सांगणे घरच्यांनी मानले तर खरे.

कुंपण कुठे होते?

बाईच्या सत्तेला तीन ठिकाणी कुंपण घातलेले होते. शेतकऱ्याने ही तिन्ही ठिकाणे ध्यानात घ्यावीत.

पहिले कुंपण जमिनीला. नवऱ्याने प्रेमाने काही दिले तर बाईने त्याच्या माघारी ते हवे तसे वापरावे वा द्यावे, पण स्थावर सोडून, असे नारद स्मृतीत आहे. नवऱ्याने दिलेला हार ती देऊ शके, नवऱ्याने दिलेले शेत देऊ शकत नसे.

दुसरे कुंपण मेहनतीला. बाईने कलाकुसरीने, हातच्या कामाने जे मिळवले आणि परक्या माणसाने तिला जे दिले, त्यावर नवऱ्याची हुकमत असे कात्यायन सांगतो. म्हणजे दुसऱ्याने दिलेला दागिना तिचा, आणि स्वतः घाम गाळून मिळवलेला पैसा मात्र नवऱ्याच्या हाताखाली! पुढे न्यायालयांनीही हेच धरून ठेवले. नवरा जिवंत असेतोवर अशा मिळकतीचे मृत्युपत्र त्याच्या संमतीशिवाय चालत नसे. विधवा झाल्यावर तिला मोकळीक मिळे.

तिसरे कुंपण अडीअडचणीचे. दुष्काळात, धर्मकार्यात, आजारपणात किंवा नवरा कैदेत पडला तर त्याने बायकोचे स्त्रीधन वापरावे, आणि ते परत करण्याचे बंधन त्याच्यावर नाही, असे याज्ञवल्क्य म्हणतो. शेतीच्या घरात दुष्काळ काय सांगून येतो? १८७६ ते १८७८ च्या मोठ्या दुष्काळात मुंबईच्या टाकसाळीत चांदीचे दागिने वितळवायला मोठ्या प्रमाणात आले होते. ते दागिने कोणाच्या अंगावरचे होते हे सांगायला नको. आजही पेरणीच्या तोंडावर सोसायटीचे कर्ज मिळाले नाही की पहिली नजर कारभारणीच्या गळ्याकडे जाते. बाईचे धन हे घराचा विमा होते. विम्याचा हप्ता तिने भरला आणि भरपाई कुटुंबाला मिळाली. यात तिची तक्रार नसेलही. पण त्या धनातून उगवलेल्या पिकात, घेतलेल्या बैलात, खोदलेल्या विहिरीत तिचा वाटा कुठे लिहिला गेला?

गौतमाबाईंची खासगी

मिळकत मोठी असली आणि कागद पक्का असला तर एका बाईचे धन केवढे काम करू शकते, याचा दाखला आपल्या इतिहासात आहे. १७३४ साली बाजीराव पेशव्यांनी मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाई यांच्या नावे स्वतंत्र जहागीर लावून दिली. तिला 'खासगी' म्हणत. दौलतीचा कारभार वेगळा, खासगीचा वेगळा. हे उत्पन्न गौतमाबाईंनंतर त्यांच्या सुनेकडे आले. ही सून म्हणजे १७२५ साली जामखेडजवळच्या चौंडी गावात जन्मलेल्या अहिल्याबाई.

अहिल्याबाईंनी घाट, विहिरी, धर्मशाळा, देवळे कुठे कुठे बांधली हे गावातल्या शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. यातला पुष्कळसा धर्मादाय खर्च या खासगीच्या उत्पन्नातून झाला. सासूकडून सुनेला आलेल्या मिळकतीतून एवढे उभे राहिले. या खासगीच्या विश्वस्त निधीचा वाद २०२२ साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. म्हणजे जवळजवळ तीनशे वर्षांपूर्वी एका विवाहितेच्या नावे झालेला कागद आजही विचारात घेतला जातो. कागदाचे मोल काय, ते यावरून समजावे. अर्थात गौतमाबाईंच्या पाठीशी दौलत होती. साध्या कुणब्याच्या कारभारणीला असा कागद कोण करून देणार?

हयातीपुरती मालकी

साध्या शेतकऱ्याच्या घरात बाईकडे जमीन येई ती बहुधा एकाच वाटेने. नवरा वारला, मुलगा नाही आणि भाऊबंदांशी वाटणी आधीच झालेली, तर जमीन विधवेकडे येई. पण ती मालकीण कशाची? हयातीपुरती. पीक खावे, पण जमीन विकू नये, दान देऊ नये. अगदीच कायदेशीर गरज असली तर गोष्ट वेगळी. तिने मृत्युपत्र केले तरी या जमिनीपुरते ते फोल. तिच्या माघारी जमीन नवऱ्याच्या वारसांकडे परत जाई. तिने पाट लावला तर १८५६ च्या पुनर्विवाह कायद्याप्रमाणे पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरचा हक्क जाई.

एक गोष्ट मात्र मुंबई इलाख्याच्या बाजूने सांगितली पाहिजे. बापाची मिळकत वारसाने लेकीकडे आली तर ती आपल्याकडे पूर्ण मालकीची मानत. देशात बहुतेक ठिकाणी लेकीलाही हयातीपुरताच हक्क असे. म्हणजे लेक मालकीण होऊ शकत होती आणि सून होऊ शकत नव्हती. 'सून परक्या घरची' ही म्हण नुसती बोलण्यात नव्हती, ती कोर्टाच्या निकालात होती.

मृत्युपत्राचा कायदा इंग्रजी अमलात आला. १८७० च्या हिंदू विल्स कायद्याने मुंबई शहरासह काही भागांत लेखी मृत्युपत्राचे नियम लागू झाले. १ जानेवारी १९२७ पासून ते सगळ्या हिंदूंच्या मृत्युपत्रांना लागू झाले. भारतीय वारसा कायदा १९२५ च्या कलम ५९ मध्ये एक स्पष्टीकरण आहे. जी मिळकत विवाहित बाई हयातीत स्वतः देऊ शकते, तिचे मृत्युपत्र ती करू शकते, असा त्याचा अर्थ. वाक्य साधे आहे, पण सगळी मेख 'देऊ शकते' या दोन शब्दांत आहे. ज्या जमिनीवर हयातीपुरतीच सत्ता, ती तिला देता येत नव्हती, म्हणून मृत्युपत्रातही घालता येत नव्हती.

१९३७ च्या कायद्याने विधवेला नवऱ्याच्या वाट्याइतका हिस्सा दिला, तोही हयातीपुरता. त्यातही १९४१ साली फेडरल कोर्टाने सांगितले की हा कायदा शेतजमिनीला लागू नाही. शेतजमिनीसाठी प्रांतांना नंतर वेगळे कायदे करावे लागले. ज्या देशात मिळकत म्हणजे जमीन, तिथे बाईच्या हक्काच्या कायद्यातून जमीनच बाहेर राहिली होती!

१९५६ नंतर काय बदलले?

हिंदू उत्तराधिकार कायदा १७ जून १९५६ पासून लागू झाला. त्याच्या कलम १४ ने हयातीपुरती मालकी मोडीत काढली. बाईच्या ताब्यात आलेली मिळकत, मग ती वारसाने असो, वाटणीत असो, खरेदीने असो की बक्षिसाने, तिची पूर्ण मालकीची झाली. कलम ३० प्रमाणे तिचे मृत्युपत्र तिला करता येते. मग महाराष्ट्राने १९९४ साली लेकीला वडिलोपार्जित मिळकतीत जन्माने हक्क दिला, पण त्यात २२ जून १९९४ पूर्वी लग्न झालेल्या लेकी वगळल्या होत्या. ९ सप्टेंबर २००५ च्या केंद्राच्या दुरुस्तीने तो भेद गेला. ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की दुरुस्तीच्या दिवशी बाप हयात असण्याचीही गरज नाही.

कायद्याची गाडी इथवर आली. गाव कुठे आहे? २०१५-१६ च्या कृषी गणनेप्रमाणे देशातल्या वहितीधारकांत बाया सुमारे १४ टक्के. निंदणी, खुरपणी, कापूस वेचणी, कांदा लागण, धारा काढणे ही कामे कोणाच्या हातची आहेत, हे शेतकऱ्याला मी काय सांगावे? शिवारफेरीत बांधावर निम्म्याहून जास्त बाया भेटतात. ठिबकच्या अनुदानाचा अर्ज भरायला बसले की नावे पुरुषांची निघतात.

जुने कुंपण नव्या कपड्यात

अजून एक गोष्ट गावकऱ्यांच्या आणि तलाठी भाऊसाहेबांच्या नजरेला आणायची आहे. हल्ली पुरुष मृत्युपत्र करू लागले आहेत, ही चांगली गोष्ट. पण त्यांत पुष्कळदा एक वाक्य असते: "माझ्या पत्नीने हयात असेपर्यंत उपभोग घ्यावा व तिच्या पश्चात मिळकत मुलांकडे जावी." कलम १४ च्या दुसऱ्या पोटकलमाप्रमाणे असे मर्यादित देणे चालते, आणि मग तिची पूर्ण मालकी आहे की नाही यावर कोर्टात वर्षानुवर्षे वाद चालतात. कायद्याने काढून टाकलेली हयातीपुरती मालकी आपण आपल्या हाताने परत लिहून ठेवतो. बायकोच्या पोटगीची, औषधपाण्याची खरोखर काळजी असेल तर निदान काही जमीन तिच्या पूर्ण मालकीची करावी. म्हातारपणी सातबारा ज्याच्या नावावर, त्याच्या ताटात भाकरी गरम पडते, हे कडू असले तरी खरे आहे.

दुसरी गोष्ट हक्कसोडपत्राची. भाऊ गाडी पाठवतो, बहीण येते, साडीचोळी होते, सह्या होतात. बहिणीने राजीखुशीने, समजून-उमजून हक्क सोडला तर तिचा तो अधिकार आहे. पण "माहेर तुटेल" या धाकाने झालेली सही राजीखुशीची कशी म्हणावी? माहेर जर एका सहीवर टिकत असेल, तर ते आधीच किती टिकले होते याचा विचार भावानेही करावा.

काही न सांगता बाई गेली तर?

बाईने मृत्युपत्र केले नाही तर कलम १५ लागू होते. मुले, मुली आणि नवरा यांचा पहिला हक्क. हे कोणी नसतील तर मिळकत नवऱ्याच्या वारसांना. तिच्या स्वतःच्या आईबापांचा नंबर त्यांच्यानंतर. फक्त आईबापांकडून वारसाने आलेली मिळकत, मूलबाळ नसेल तर, बापाच्या वारसांकडे परत जाते.

याने काय होते ते २००९ सालच्या सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालात दिसले. १९५५ साली लग्न झालेली बाई तीन महिन्यांत विधवा झाली. सासरने घराबाहेर काढले. माहेरने शिकवले, तिने नोकरी केली, पैसा साठवला, आणि १९९६ साली ती मृत्युपत्र न करता वारली. तिची कमाई ज्या माहेराने तिला उभे केले त्यांना मिळाली नाही. ती नवऱ्याच्या बहिणीच्या मुलांना मिळाली. न्यायालयाने कायदा आहे तसा लावला. तिने एक पानभर कागद केला असता तर निकाल वेगळा लागला असता. आपल्या गावातही टाकलेल्या, विधवा, मूल नसलेल्या बाया आहेत. बचत गटातून, शिलाईतून, दुधातून त्यांनी चार पैसे जमवले आहेत, कोणी गुंठा-दोन गुंठे घेतले आहेत. त्यांनी तर हे काम उद्यावर टाकू नये.

"जमिनीचे तुकडे पडतील" हा आक्षेप नेहमी येतो. तुकडे चार मुलांतही पडतातच, तेव्हा कोणी बोलत नाही. उलट मृत्युपत्र केले तर तुकडे टाळता येतात. जमीन सलग एकाला, दागिना दुसरीला, बँकेतली ठेव तिसऱ्याला, असे बाई ठरवू शकते. कोणाला खरी गरज आहे हे आईइतके कोणाला कळते?

करायचे काय?

मृत्युपत्राला स्टॅम्प लागत नाही. साध्या कागदावर चालते. नोंदणी सक्तीची नाही, पण दुय्यम निबंधकाकडे करून घेतलेली बरी. बाईची सही किंवा अंगठा, आणि तिला तो करताना पाहिलेले किमान दोन साक्षीदार हवेत. ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीला घेऊ नये, म्हणजे पुढे तोंड उघडायला जागा राहत नाही. गट नंबर, क्षेत्र, ठेवीची पावती, दागिन्याचे वर्णन स्पष्ट लिहावे. मत बदलले तर नवे करता येते, शेवटचे ते खरे. मुस्लिम भगिनींसाठी मृत्युपत्राचे नियम वेगळे आहेत, त्यांनी जाणकाराला विचारून करावे.

तलाठी भाऊसाहेब, ग्रामसेवक आणि सरपंच यांना विनंती आहे. वारसनोंद करताना लेकींची नावे विचारून घ्या, सांगितली नाहीत म्हणून सोडून देऊ नका. फेरफाराची नोटीस सासरी गेलेल्या लेकीच्या हातात पडली का, हे पाहा. बाईचे मृत्युपत्र पुढे आले की "आधी मुलांना विचारून या" असे तिच्या वारसांना सांगू नका. मिळकत तिची होती, विचारायचे ते तिने विचारले असेल.

हजार वर्षांपूर्वीच्या शास्त्राने बाईला अंगावरचे दिले, आणि ते गरजू लेकीला आधी जावे एवढी समज दाखवली. जमीन आणि मेहनत मात्र कुंपणापलीकडे ठेवली. ते कुंपण कायद्याने काढले त्याला १९५६ पासून कितीतरी वर्षे झाली. खांब अजून आपल्या मनात रोवलेले आहेत. येत्या ग्रामसभेत हा विषय घ्यावा, बचत गटाच्या बैठकीत एक तास द्यावा, आणि घरात जेवताना कारभारणीला एकदा सरळ विचारावे, "तुझ्या नावावर काय आहे, आणि ते तुला कुणाला द्यायचंय?" पहिल्या प्रश्नाला 'काहीच नाही' असे उत्तर आले, तर आधी ते दुरुस्त करावे.